राखीला वाट, खाऊला नाका

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. सिंगापूरला राहणाऱ्या एका ताईनं भंडाऱ्यातल्या आपल्या भावाला पार्सल पाठवलं. आत काय काय होतं? एक राखी, चॉकलेटचा डबा आणि बॅटरीवर पळणारी एक छोटी गाडी. तिन्ही वस्तू प्रेमानं पाठवलेल्या, तिन्ही एकाच खोक्यात. आता सांगा बरं, भारतात शिरताना यातल्या कोणत्या वस्तूला 'भेट' म्हणून वाट मिळेल?

"तिन्हींना!" असंच म्हणालात ना? नाही. वाट मिळेल ती फक्त राखीला. चॉकलेट आणि गाडी नाक्यावर थांबतील. त्यांच्या किमतीचा हिशेब होईल, आणि कर निघाला तर तो भरूनच त्या पुढे सरकतील.

ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. १२ डिसेंबर २०१९ रोजी भारत सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं तसा आदेशच काढला. परदेशातून टपालानं किंवा कुरिअरनं 'भेट' म्हणून येणाऱ्या मालाची करमुक्त वाट त्या दिवशी बंद झाली. अपवाद दोनच ठेवले: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. वर कंसात खुलासाही केला, की राखी म्हणजे राखीच, राखीबरोबर आलेल्या भेटवस्तू नव्हेत! सरकारी कागद म्हटला की आपल्याला रुक्ष वाटतो. पण त्या कागदात बहीण-भावाच्या दोऱ्याला जागा मिळाली, हे वाचून मला तरी गंमत वाटली.

पण मग प्रश्न पडतो. चॉकलेटच्या एका डब्यानं सरकारचं असं काय घोडं मारलं होतं? ते समजायला थोडं मागं जावं लागेल. चांगलं साडेतीनशे वर्षं मागं.

तुमच्या आई-बाबांना 'जकात नाका' हा शब्द चांगला ठाऊक असेल. गावात माल शिरला की वेशीवर त्याची नोंद व्हायची आणि कर द्यावा लागायचा. ती जकात. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला तेव्हा संपली. नाके गेले, नावं मात्र राहिली. मुलुंडचा चेक नाका आजही लोकांच्या तोंडी आहे. गावाच्या वेशीवर जशी जकात, तसं देशाच्या वेशीवर सीमाशुल्क. बोलताना आपण त्यालाच 'कस्टम' म्हणतो.

आता ही जकात कशासाठी? तिजोरी भरायला, हे तर झालंच. पण आणखीही एक कारण असतं, आणि ते शिवाजी महाराजांनी फार छान ओळखलं होतं. १६७१ सालची गोष्ट. कोकणात संगमेश्वरच्या बाजूला मीठ पिकायचं. तिकडे गोव्याजवळच्या बारदेशात पोर्तुगिजांचं राज्य होतं, तिथंही मीठ पिकायचं आणि ते स्वस्त पडायचं. मग व्यापारी काय करणार? बैल हाकत बारदेशाकडेच जाणार! तसं झालं असतं तर स्वराज्यातल्या मिठागरांवर राबणाऱ्यांचं मीठ पडून राहिलं असतं. महाराजांनी कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. जकात धरून ते मीठ आपल्या मिठाइतकंच महाग पडलं, की व्यापारी आपोआप इकडे वळतील, असा तो हिशेब. लढाया आपण पाठ करतो, पण मिठाचं हे पत्रही मोठ्या मुलांनी शोधून जरूर वाचावं. राजाचं लक्ष मिठाच्या गोणीपर्यंत होतं, ते त्यात दिसतं.

तर नाक्याची कामं दोन: तिजोरीत भर घालणं आणि आपल्या माणसाच्या कामाला आधार देणं. मग कुणी विचारेल, की असं आहे तर सुईपासून हत्तीपर्यंत सगळ्यावर कर घ्या, सवलत हवी कशाला?

याचं उत्तर मी आमच्या चौथीच्या वर्गात शोधायला लावलं. आमचं जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलेली कुटुंबं इथं राहतात, त्यामुळे पार्सल, मनीऑर्डर, कुरिअर हे शब्द मुलांना लहानपणापासून ओळखीचे. आम्ही रिकाम्या काड्यापेट्यांची चाळीस पार्सलं केली. प्रत्येकीवर चिठ्ठी: आत काय, किंमत किती. दोन मुलं झाली कस्टमचे साहेब. प्रत्येक पेटी उघडायची, चिठ्ठी पडताळायची, फळ्यावरच्या तक्त्यात दर बघायचा, गुणाकार करायचा, पावती फाडायची. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा सतरा पेट्या झाल्या होत्या आणि तेवीस तशाच पडून होत्या. साहेब घामाघूम! जमा झालेला कर मोजला, तर तो भरला बावन्न रुपये. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, एवढ्यात तर साहेबांचा चहा-नाश्ता पण नाही होत."

अगदी बरोबर बोलला बघा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातली गत. कर गोळा करायलाच करापेक्षा जास्त खर्च आला, तर तो घ्यायचा कशाला? जगातल्या बहुतेक देशांनी म्हणूनच एक रेघ आखून ठेवलेली असते. तिच्या खालच्या किमतीचा माल सोडून द्यायचा. या रेघेला कायद्याच्या भाषेत 'डी मिनिमिस' म्हणतात. लॅटिनमधलं एक जुनं वचन आहे, कायदा क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालत नाही अशा अर्थाचं. त्यातलेच हे शब्द.

आपल्या देशातही अशी रेघ आहे, आणि ती फारच साधी आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं पंचविसावं कलम, त्यातलं सहावं पोटकलम: निघणारा कर शंभर रुपये किंवा त्याहून कमी असेल तर तो वसूल करायचा नाही. नीट लक्ष द्या हं, वस्तूची किंमत शंभर नाही, कर शंभर! राखी सुटते ती याच कलमाच्या आधारानं.

आता अमेरिकेची रेघ बघा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. १९३८ साली अमेरिकेनं ठरवलं, की एक डॉलरपर्यंतचा माल सोडून द्यायचा. एक डॉलर! १९७८ मध्ये ती रेघ पाच डॉलरवर गेली. १९९३ मध्ये दोनशेवर. आणि २०१६ मध्ये एकदम आठशे डॉलरवर. आठशे डॉलर म्हणजे त्या वेळचे पन्नास हजारांहून जास्त रुपये. याला आता 'क्षुल्लक' म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

रेघ वर गेली आणि नेमक्या त्याच काळात घरोघरी मोबाइल फोन आले. पूर्वी परदेशी माल यायचा तो जहाजानं, मोठमोठ्या पेटाऱ्यांत, एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या नावानं. तो कर भरायचा, माल दुकानात जायचा, दुकानातून आपल्या घरी. आता तोच सदरा, तीच चप्पल, तेच खेळणं चीनमधल्या गोदामातून थेट ग्राहकाच्या नावानं एकेकटं निघू लागलं. एका पेटाऱ्यातल्या हजार सदऱ्यांवर कर होता. हजार पाकिटांतल्या एकेका सदऱ्यावर मात्र काहीच नाही! २०१५ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेत अशी करमाफ पार्सलं आली सुमारे १३ कोटी ९० लाख. २०२४ मध्ये आली १३६ कोटी. म्हणजे रोजची जवळपास ३७ लाख. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, इथं तर समुद्रच साचला.

आपल्याकडे दुसरीच युक्ती झाली. ती सांगायच्या आधी वर्गातली पुढची गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी मी एक नियम वाढवला: भेट असेल तर कर नाही. पुन्हा चाळीस पेट्या आल्या. उघडून बघते तर काय, चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर 'भेट'! कुणी शिकवलं नव्हतं बरं का.

मोठ्यांच्या जगातही २०१८-१९ च्या सुमारास हेच चाललं होतं. त्या वेळी परदेशातून आलेली पाच हजार रुपयांपर्यंतची भेट करमुक्त होती. दुबईचा मामा भाच्याला घड्याळ पाठवेल, यासाठी ती सवलत. पण चीनमधल्या काही खरेदीच्या संकेतस्थळांवरून लोकांनी पैसे मोजून मागवलेले कपडे आणि वस्तूही 'भेट' अशी चिठ्ठी लावून येऊ लागल्या. मामा नाही, भाचा नाही, तरी भेट! मग डिसेंबर २०१९ चा तो आदेश आला आणि खऱ्या मामांचीही वाट बंद झाली. ओल्याबरोबर सुकंही जळतं ते असं. पूर्ण कर भरला तर भेट आजही आणता येते. पण 'भेट आहे हो' एवढ्यावर आता भागत नाही.

"पण स्वस्त मिळतं तर मिळू द्या की," असं आमच्या वर्गातल्या एका मुलीचं म्हणणं होतं. तिचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही, तुम्हीही टाकू नका. ज्या घरात पैसा मोजून-मापून येतो, तिथं दोनशे रुपये वाचणं ही मोठी गोष्ट असते. पण दुसऱ्या पारड्यातही काही ठेवून बघा. कोपऱ्यावरचा दुकानदार जीएसटी भरतो, दुकानाचं भाडं भरतो, विजेचं बिल भरतो. त्याच वस्तूचं परदेशी पाकीट काहीच न भरता शेजारच्या घरात पोचलं, तर त्यानं टिकायचं कसं?

खेळण्यांचंच घ्या. सावंतवाडीला चितार आळीत लाकडाची फळं, भाज्या, गाड्या, भातुकली करून रंगवतात. कुणी सहलीला गेलं असेल तर त्यानं तिथली रंगीत केळी आणि आंबे पाहिलेच असतील. दुसरीकडे कारखान्यातून हजारोंनी निघणारं प्लॅस्टिकचं खेळणं. भारतानं २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं, आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के केलं. हे मला बारदेशच्या मिठासारखंच वाटतं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. का? कारण लहान बाळ खेळणं हातात घेतं आणि पहिल्यांदा तोंडात घालतं! रंगात शिसं असेल, चाक सुटून घशात जाईल असं असेल, तर? मोठ्या पेटाऱ्यातली खेळणी तपासता येतात. लाखो पाकिटांतलं एकेक कोण आणि कसं तपासणार? मला स्वतःला कराच्या रुपयांपेक्षा हीच बाजू जास्त वजनाची वाटते. पालकांनी यावर जरूर विचार करावा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की चला, रेघ पुसली म्हणजे झालं. थांबा. २०२५ मध्ये काय झालं ते ऐका, कारण या वेळी नाक्याच्या पलीकडे आपली माणसं होती.

अमेरिकेनं चीन आणि हाँगकाँगच्या मालापुरती ती आठशे डॉलरची सवलत २ मे २०२५ ला बंद केली, आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून साऱ्या जगासाठी. शंभर डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट तेवढी सुटणार होती. पण कर गोळा करायचा कुणी, कसा, कुणाकडे भरायचा, हेच कुणाला धड कळेना. विमान कंपन्या म्हणाल्या, आम्ही टपालाच्या थैल्या नेणार नाही. मग आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. आधी निदान पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी चालू होत्या. थोड्याच दिवसांत त्याही बंद. आपलंच नव्हे, जगातल्या ८८ टपाल खात्यांनी हात वर केले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावी जागतिक टपाल संघ आहे, १८७४ साली स्थापन झालेला. त्यानं आकडा दिला: २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या मानानं ८१ टक्क्यांनी घटलं होतं.

आणि दिवस कोणते? गणपती बसलेले, पुढं दसरा, मग दिवाळी. आपल्याकडे कित्येक घरांतून अमेरिकेतल्या लेकीला, नातवाला फराळाचा डबा जातो. चकल्या मोडू नयेत म्हणून आजी कागदाच्या किती घड्या घालते, ते बघितलंय ना? खासगी कुरिअर चालू होतं, पण तिथं डब्यातल्या फराळापेक्षा पाठवण्याचाच खर्च मोठा. टपाल पुन्हा सुरू झालं ते १५ ऑक्टोबर २०२५ ला. वसुबारस दोन दिवसांवर आली होती! डबा दिवाळीत पोचणं शक्यच नव्हतं.

फराळाचं तरी एक वेळ सोडा. आमच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या बाजूला कोशाचं रेशीम हातमागावर विणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोष, त्यांचा तो मातकट सोनेरी धागा. हात लावून बघाल तर सोडवणार नाही. समजा, अशी एक साडी शंभर डॉलरला एका विणकरानं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला विकली. जुलै २०२५ मध्ये ती तशीच गेली असती, कारण शंभर डॉलर आठशेच्या कितीतरी खाली. ऑक्टोबरमध्ये टपाल सुरू झालं तेव्हा भारतातून जाणाऱ्या अशा विकलेल्या मालावर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं, आणि तेही पाठवतानाच भरायचं. म्हणजे शंभरच्या साडीवर पन्नास डॉलर! दर त्यानंतर बदलत राहिले. सवलत मात्र जायचीच आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनं केलेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२७ पासून ती कायद्याच्या पुस्तकातूनच काढून टाकली जाणार आहे.

बघा म्हणजे, मोठमोठ्या गोदामांना आवरायला घातलेलं कुंपण. त्यात अडकला माग चालवणारा एकटा विणकर. गोदामवाला वकील ठेवेल, परदेशात जागा घेईल, माल आधीच जहाजानं नेऊन ठेवेल. विणकरानं काय करायचं?

इतर देशही आपापली रेघ पुन्हा आखत आहेत. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या जुलैपासून हजार डॉलरखालच्या परदेशी मालावर आपला जीएसटी लावला, आणि तो दारात पार्सल अडवून नव्हे, तर विकणाऱ्या संकेतस्थळाकडूनच घ्यायला सुरुवात केली. ही युक्ती मला आवडली; साहेबांना काड्यापेट्या उघडत बसायला नको. ब्राझीलनं ऑगस्ट २०२४ पासून पन्नास डॉलरपर्यंतच्या मालावर २० टक्के कर सुरू केला, तर तिथल्या लोकांनी त्याचं नावच 'ब्लाउजचा कर' पाडलं. युरोपीय संघात २०२४ मध्ये अशी ४६० कोटी पार्सलं आली. तिथं दीडशे युरोखालचा माल शुल्कातून सुटत असे. त्यावर १ जुलै २०२६ पासून वस्तूमागे तीन युरो घ्यायचं त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवलं. आणि आपल्याकडे उलट दिशेनं एक पाऊल: स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवलेल्या वस्तूंवरचं सीमाशुल्क २० वरून १० टक्के करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात झाली. जीएसटी मात्र त्यावर वेगळा असतो.

आता आई-बाबांसाठी चार ओळी. परदेशातून कुणी काही पाठवणार असेल तर त्यांना सांगा, पार्सलवरच्या हिरव्या चिठ्ठीवर वस्तूचं नाव आणि किंमत खरी आणि स्पष्ट लिहा. नुसतं 'गिफ्ट' लिहून काही साधत नाही. किंमत कमी लिहिली आणि ते उघडकीला आलं, तर दंड होऊ शकतो आणि मालही अडकतो. खरेदीची पावती आत ठेवलेली बरी. हिशेब धरताना पाठवण्याचा खर्चही किमतीत मिळवतात, हे लक्षात असू द्या. आणि राखी पाठवायची असेल तर ती वेगळ्या पाकिटात, एकटीच पाठवायला सांगा. खाऊच्या डब्याबरोबर बांधली तर डब्याबरोबर तीही नाक्यावर बसून राहायची.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक गणित. समजा, एका खेळण्यावरचे सगळे कर मिळून ३० टक्के होतात. ३२० रुपयांच्या खेळण्यावर कर किती? ९६ रुपये. शंभराच्या आत, म्हणून सुटलं. ३४० रुपयांच्या खेळण्यावर? १०२ रुपये. इथं नुसते वरचे दोन नाही, पूर्ण १०२ भरायचे. आता एका हुशार मुलानं ३२० रुपयांची तीन खेळणी एकत्र न मागवता तीन वेगळ्या पाकिटांत, तीन वेगळ्या दिवशी मागवली. तिन्ही पाकिटं तुमच्या टेबलावर आली आहेत, कस्टमचे साहेब तुम्ही आहात आणि मागं हजार पाकिटांची रांग लागली आहे. काय कराल? सोडाल, की तिघांची किंमत एकत्र धराल? वहीत लिहा, आणि का ते पण लिहा.